अथेन्सची खापरे : नेत्याला दहा वर्षे शहराबाहेर धाडणारे मतदान

प्राचीन अथेन्समध्ये एक असे मतदान होत असे, ज्यात सर्वाधिक मते पडलेल्या माणसाला दहा दिवसांच्या आत आवराआवर करून दहा वर्षांसाठी शहर आणि भोवतालचा ॲटिका हा सारा प्रदेश सोडावा लागे. त्याच्यावर कोणताही आरोप ठेवलेला नसे, खटला चाललेला नसे आणि बचावाचे भाषण करण्याची सोयही नसे. मात्र त्याचे घर, जमीनजुमला आणि त्यांचे उत्पन्न त्याचेच राही, त्याच्या कुटुंबाला बाहेर पडावे लागत नसे, आणि मुदत संपल्यावर तो परत येऊन पूर्वीच्याच मानाने सार्वजनिक जीवनात भाग घेऊ शके. मतपत्रिका म्हणून वापरली जाई ती फुटक्या मडक्याची खापरी. ग्रीक भाषेत तिला ‘ओस्ट्राकॉन’ म्हणत आणि त्यावरूनच या प्रथेला ‘ओस्ट्राकिस्मोस’ असे नाव पडले.

या शब्दाचा वंशज असलेला ‘ऑस्ट्रसाइझ’ हा इंग्रजी शब्द मराठीत आणताना आपण सर्रास ‘वाळीत टाकणे’ असे म्हणतो आणि तिथेच गफलत होते. वाळीत टाकलेला माणूस गावातच राहतो. त्याचा पाणवठा, रोटीबेटी, मर्तिकाला येणारे खांदेकरी हे सारे तोडले जाते. अथेन्समध्ये नेमके उलट होते. माणूस दूर जाई, पण त्याच्याशी कोणी संबंध तोडत नसे, आणि त्याच्या अब्रूला कायद्याने धक्का लागत नसे. तडीपारी हा शब्द थोडा जवळ जातो, परंतु तडीपारीच्या मागे गुन्ह्यांची नोंद असते आणि पोलीस अधिकाऱ्याचा हुकूम असतो. अथेन्समधला हुकूम नागरिकांचा असे आणि त्याला कारण द्यावे लागत नसे. सोयीसाठी या लेखात तिला ‘खापरी-हद्दपारी’ म्हणू.

लोकशाहीचे माहेर म्हणवणाऱ्या शहराने, गुन्हा न केलेल्या माणसाला बहुमताच्या जोरावर घालवून देण्याचा कायदा का केला असेल, हा प्रश्न कोणालाही पडावा. त्याचे उत्तर हा कायदा येण्यापूर्वी अथेन्समध्ये राजकीय भांडणे कशी मिटत, यात आहे.

इ.स.पू. सहाव्या शतकातले अथेन्सचे राजकारण म्हणजे मोजक्या उमराव घराण्यांतली रस्सीखेच होती. पायसिस्ट्रॅटस या सरदाराने इ.स.पू. ५६१ च्या सुमारास पहिल्यांदा सत्ता बळकावली, दोनदा ती गमावली आणि तिसऱ्या खेपेस भाडोत्री सैनिक व पैसा यांच्या जोरावर ती कायमची घट्ट केली. अशा सत्ताधाऱ्याला ग्रीक लोक ‘टिरॅनोस’ म्हणत. त्याचा अर्थ सुरुवातीला क्रूर राजा असा नव्हता. वारसाहक्काने किंवा कायद्याने न मिळालेली सत्ता एकट्याने चालवणारा, एवढाच होता. पायसिस्ट्रॅटसची कारकीर्द तशी सौम्य होती. त्याच्यामागून त्याचा मुलगा हिप्पियास आला. इ.स.पू. ५१४ मध्ये एका खासगी प्रेमप्रकरणातून उफाळलेल्या वैरात हिप्पियासचा भाऊ हिप्पार्कस मारला गेला आणि त्यानंतर हिप्पियास संशयी व जुलमी होत गेला. अखेर इ.स.पू. ५१० मध्ये स्पार्टाचा राजा क्लिओमेनीस याने सैन्य घेऊन येऊन त्याला कोंडले. शहराबाहेर गुपचूप हलवली जाणारी मुले शत्रूच्या हाती लागल्यामुळे हिप्पियासने पाच दिवसांत ॲटिका सोडण्याचे कबूल केले आणि तो पुढे पर्शियाच्या आश्रयाला गेला.

जुलमी सत्ताधीश गेला म्हणून शांतता आली नाही. मोकळ्या झालेल्या जागेसाठी क्लेइस्थेनीस आणि इसागोरस या दोन उमरावांत जुंपली. आपले पारडे हलके पडते आहे असे दिसताच क्लेइस्थेनीसने सामान्य लोकांना आपल्या बाजूला वळवले, तर इसागोरसने पुन्हा त्याच स्पार्टाच्या राजाला बोलावणे धाडले. क्लिओमेनीस आला आणि त्याने इसागोरसने दिलेल्या यादीप्रमाणे अथेन्समधली ७०० कुटुंबे हाकलून लावली. दोन माणसांचे भांडण आणि त्यापायी ७०० कुटुंबे देशोधडीला. त्या काळी राजकारणाची ही रीतच होती; जो हरे तो आपल्या भाऊबंदांसह, आश्रितांसह परागंदा होई आणि परक्या सैन्याच्या मदतीने परत येऊन मागच्याचे उट्टे काढी. क्लेइस्थेनीसच्या अल्कमिऑनिड घराण्याला तर पूर्वी एकदा, देवाच्या शरणार्थींना मारल्याच्या पापाबद्दल, अशा रीतीने घालवले होते की त्यांच्या मेलेल्या पूर्वजांची हाडेसुद्धा उकरून सीमेबाहेर फेकली गेली.

इ.स.पू. ५०८-०७ मध्ये मात्र वेगळेच घडले. इसागोरस आणि क्लिओमेनीस यांनी नगराची परिषद मोडायला घेताच लोक उठले, त्यांनी दोघांना अ‍ॅक्रोपोलिसच्या टेकडीवर दोन दिवस वेढून ठेवले आणि तिसऱ्या दिवशी स्पार्टाच्या लोकांना वाट देऊन घालवले. हाकललेली कुटुंबे परत आली. त्यानंतर क्लेइस्थेनीसने जी नवी घडी बसवली, तिचा गाभा घराण्यांची पकड सैल करणे हा होता. जुन्या चार कुळींऐवजी त्याने दहा नव्या ‘टोळ्या’ केल्या, आणि प्रत्येक टोळीत शहर, किनारा व अंतर्भाग अशा तिन्ही भागांतल्या वस्त्या मुद्दाम मिसळल्या. प्रत्येक टोळीचे ५० असे ५०० सदस्यांचे परिषद-मंडळ नेमले गेले. ॲरिस्टॉटलच्या परंपरेत अथेन्सच्या राज्यघटनेवर लिहिल्या गेलेल्या ग्रंथानुसार खापरी-हद्दपारीचा कायदाही क्लेइस्थेनीसचाच.

आता मूळ प्रश्नाकडे वळलो की या कायद्याचा हिशेब लागतो. वैर संपवायचे तर ७०० कुटुंबांऐवजी एकच माणूस जाईल. तो कायमचा नव्हे तर दहा वर्षे जाईल. आणि कोण जाईल हे प्रतिस्पर्धी उमराव किंवा परका राजा ठरवणार नाही, नागरिक ठरवतील. मालमत्ता शाबूत ठेवण्यातही शहाणपण होते. ज्याचे सर्वस्व लुटले गेले आहे तो शत्रूचे सैन्य घेऊन परततो. ज्याची शेती पिकते आहे आणि ज्याला परतीची तारीख ठाऊक आहे, तो बहुधा वाट पाहतो. हद्दपार झालेला माणूस तेवढ्यापुरता पडलेला असे, पण त्याचे नाक कापलेले नसे.

कायदा असूनही तो वीस वर्षे वापरला गेला नाही, ही गोष्ट अनेक अभ्यासकांना इतकी चमत्कारिक वाटते की काहींनी तो क्लेइस्थेनीसनंतर केला गेला असावा असे म्हटले आहे. मला त्यात फारसे नवल वाटत नाही, कारण हत्यार करणे आणि ते उचलण्याचे धैर्य होणे यांत अंतर असतेच. ते धैर्य आले मॅरेथॉनच्या लढाईनंतर. इ.स.पू. ४९० मध्ये पर्शियाचे आरमार ॲटिकाच्या पूर्व किनाऱ्यावर उतरले तेव्हा वाट दाखवायला बरोबर म्हातारा हिप्पियास होता. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो की किनाऱ्यावर उतरल्यावर त्याला खोकल्याची उबळ आली, एक हलता दात वाळूत उडून पडला आणि तो सापडेना, तेव्हा या भूमीतला माझा वाटा एवढाच, असे तो चुकचुकला. पर्शियाचा पराभव झाला, परंतु हिप्पियासचे सगेसोयरे शहरात उजळ माथ्याने वावरत होते, आणि लढाईच्या वेळी कोणीतरी ढाल चमकवून शत्रूला इशारा दिला होता, अशी कुजबुज अल्कमिऑनिड घराण्याविषयी चालू होती.

इ.स.पू. ४८७ मध्ये पहिले मतदान झाले आणि हिप्पियासच्याच गोतातला, खार्मोसचा मुलगा हिप्पार्कस (मारला गेलेला भाऊ नव्हे, त्याच नावाचा दुसरा) बाहेर गेला. पुढच्या वर्षी मेगॅक्लीस, म्हणजे खुद्द क्लेइस्थेनीसचा पुतण्या आणि पुढे अथेन्सचा सर्वांत प्रभावी नेता झालेल्या पेरिक्लीसचा मामा. इ.स.पू. ४८४ मध्ये झँथिप्पस गेला. तो पेरिक्लीसचा बाप. ॲरिस्टॉटलचा ग्रंथ म्हणतो की पहिल्या तीन वर्षांत गेलेले लोक जुन्या सत्ताधीशांचे मित्र म्हणून गेले, आणि झँथिप्पस हा त्या गोटाशी संबंध नसतानाही गेलेला पहिला माणूस. म्हणजे चारच वर्षांत हत्याराचा रोख बदलला. आता नुसते नजरेत भरण्याएवढे मोठे होणे पुरेसे होते. याच सुमारास आर्कॉन हे मोठे अधिकारपद चिठ्ठ्या टाकून भरले जाऊ लागले, त्यामुळे महत्त्वाकांक्षी माणसांची सारी धडपड मताने निवडल्या जाणाऱ्या आणि वारंवार लढवता येणाऱ्या दहा सेनापतिपदांकडे वळली, आणि स्पर्धा आणखी उघडी झाली.

मतदानाची पद्धत सावध होती आणि सगळी खुबी तिच्यातच होती. अथेन्सचे शासकीय वर्ष दहा भागांत वाटलेले असे. सहाव्या भागात नागरिकांच्या सभेपुढे एवढाच प्रश्न येई : यंदा खापरी-हद्दपारी करायची की नाही? नाव कोणाचेच घेतले जात नसे. उत्तर नकारार्थी आले तर तो विषय वर्षापुरता संपला. होकारार्थी आले तर प्रत्यक्ष मतदान आठव्या भागात, म्हणजे सुमारे दोन महिन्यांनी होई. या दोन महिन्यांत रागाच्या भरात हात वर केलेल्यांचे डोके थंड होई आणि ज्यांना आपले नाव येईल असे वाटे त्यांना सलोखा करण्याची, निदान आवाज खाली आणण्याची मुदत मिळे. अर्थात याच काळात दोन्ही बाजूंचे लोक मते फिरवण्याच्या उद्योगाला लागत, हेही ओघानेच आले.

मतदानाच्या दिवशी अगोरा या बाजारचौकाचा एक भाग कुंपणाने बंद केला जाई. त्याला दहा टोळ्यांसाठी दहा दरवाजे असत. नागरिक आपापल्या दरवाजाने येई, नाव कोरलेली खापरी पालथी धरून टाकी आणि मोजणी होईपर्यंत आतच थांबे, म्हणजे कोणी दोनदा मत टाकू नये. ग्रीक चरित्रकार प्लुटार्कच्या सांगण्यानुसार एकूण ६,००० खापऱ्या भरल्या नाहीत तर मतदान रद्द होई. भरल्या तर ज्याचे नाव सर्वांत जास्त त्याला जावे लागे. हेरोडोटसने अथेन्सच्या नागरिकांचा आकडा ३०,००० दिला आहे. तो ढोबळ मानला तरी पाचातला एक माणूस शेती टाकून शहरात येणे आवश्यक होते. नागरिक म्हणजे फक्त प्रौढ पुरुष. स्त्रिया, गुलाम आणि परगावाहून येऊन स्थायिक झालेले लोक या हिशेबात नव्हते.

प्राचीन राजकारणाच्या अभ्यासात क्वचितच मिळणारी एक चैन इथे उपलब्ध आहे : प्रत्यक्ष मतपत्रिका. अथेन्सच्या उत्खननांत आजवर ११,००० हून अधिक खापऱ्या मिळाल्या आहेत, त्यांतल्या बहुसंख्य केरामेइकोस या कुंभारवाड्याच्या परिसरात १९६० च्या दशकात जर्मन उत्खननात एका ठिकाणी सापडल्या. सगळ्या मिळून मेगॅक्लीसच्या नावाच्या ४,००० हून जास्त आणि थेमिस्टोक्लीस या नेत्याच्या (त्याची कहाणी पुढे येईल) नावाच्या २,००० हून जास्त आहेत. कायद्याने फक्त नाव हवे होते, पण हातात टोकदार वस्तू आणि समोर रिकामी जागा आली की माणूस नावावर थांबत नाही. मेगॅक्लीसच्या काही खापऱ्यांवर ‘घोडे पाळणारा’ असा शेरा आहे, आणि रथशर्यतीचे घोडे पाळणे हा त्या काळचा श्रीमंती दिमाख होता. काहींवर त्याला शापित म्हटले आहे, म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीचे घराण्याचे पाप लोक विसरले नव्हते. काल्लियास नावाच्या एकाला पर्शियन ठरवून कोणीतरी मागच्या बाजूला पर्शियन पोशाखातल्या तिरंदाजाचे चित्र काढले आहे. किमॉन या नेत्याबद्दल एक खापरी सांगते की त्याने एलपिनिकेला घेऊन चालते व्हावे. एलपिनिके ही त्याची बहीण आणि दोघांविषयी शहरात वावड्या होत्या. आणि काही खापऱ्यांवर माणसाचे नावच नाही. त्यांवर ‘लिमोस’ लिहिले आहे, म्हणजे भूक. हाकलायचेच तर दुष्काळाला हाकला.

या सगळ्यांहून जास्त बोलका साठा १९३७ मध्ये अ‍ॅक्रोपोलिसच्या उत्तर उतारावरील एका विहिरीत मिळाला. त्यात १९० खापऱ्या होत्या, सगळ्यांवर थेमिस्टोक्लीसचे नाव होते आणि अक्षर अवघ्या १४ जणांचे होते. बऱ्याच खापऱ्या एकाच तऱ्हेच्या प्याल्यांच्या बुडांच्या होत्या. कोणीतरी बसून, लिहिता येणारी मंडळी जमवून, वाटण्यासाठी मते तयार ठेवली होती, हा तर्क टाळणे कठीण आहे. अर्थात लिहिता न येणाऱ्या शेतकऱ्यांची ती सोयही असू शकेल. पण सोय करणाऱ्याने एकच नाव लिहून ठेवले, यात सगळे आले.

थेमिस्टोक्लीस आणि अरिस्टायडीस यांची कहाणी ही या प्रथेची सर्वांत प्रसिद्ध कहाणी आहे आणि ती सहसा चुकीच्या टोकाने सांगितली जाते. प्लुटार्कने ती अशी दिली आहे : मतदानाच्या दिवशी एका अडाणी खेडुताने शेजारच्या माणसाला खापरी देऊन तिच्यावर अरिस्टायडीसचे नाव लिहून मागितले. तो माणूस स्वतः अरिस्टायडीसच होता. त्याने तुझे काय वाईट केले आहे, असे त्याने विचारले, तेव्हा खेडूत म्हणाला की काहीच नाही, मी त्याला ओळखतही नाही, पण जिकडेतिकडे त्याला ‘न्यायी’ म्हटलेले ऐकून कान किटले आहेत. अरिस्टायडीसने काही न बोलता नाव लिहून खापरी परत दिली. गोष्ट गोड आहे. प्लुटार्कने ती घटनेनंतर जवळजवळ सहाशे वर्षांनी लिहिली, हे लक्षात ठेवून तिचा गोडवा घ्यावा. तिच्यामुळे असा ग्रह होतो की लोकांना चांगुलपणाचा कंटाळा आला म्हणून एक भला माणूस गेला. मतदान मात्र एका ठोस प्रश्नाच्या तोंडावर झाले होते.

त्याच सुमारास ॲटिकाच्या दक्षिण टोकाजवळ लॉरियनच्या खाणींत चांदीचा मोठा साठा लागला. सरकारी तिजोरीत १०० टॅलंट जमा झाले. एक टॅलंट म्हणजे सुमारे २६ किलो चांदी. ही रक्कम नागरिकांत वाटून टाकावी, प्रत्येकाच्या वाट्याला दहा द्राख्मा (चांदीची नाणी) येतील, असा प्रस्ताव होता. थेमिस्टोक्लीसने उठून सांगितले की वाटू नका, लढाऊ जहाजे बांधा. कारण म्हणून त्याने दूरच्या पर्शियाचे नाव न घेता समोर दिसणाऱ्या एजायना बेटाशी चाललेल्या युद्धाचे घेतले, कारण हातात येणारे पैसे सोडायला लावायचे तर शेजाऱ्याचे वैर हे जास्त पटणारे कारण असते. जहाजे किती ठरली याबद्दल हेरोडोटस २०० म्हणतो, ॲरिस्टॉटलचा ग्रंथ १०० म्हणतो. प्रश्न केवळ जहाजांचा नव्हता. तीन रांगांच्या एका युद्धनौकेला १७० वल्हेकरी लागत, आणि ते येत गरीब वर्गातून. शहराची ताकद चिलखत विकत घेऊ शकणाऱ्या मध्यम शेतकऱ्याकडून वल्हे मारणाऱ्या मजुराकडे सरकणार होती. या धोरणाला आणि एकूणच थेमिस्टोक्लीसच्या चढत्या प्रभावाला आडवा येणारा प्रतिष्ठित माणूस अरिस्टायडीस होता. इ.स.पू. ४८२ मध्ये तो गेला, आणि आरमार बांधण्याचे काम निर्वेध सुरू झाले.

खापरी-हद्दपारीचे खरे काम इथे स्पष्ट दिसते. दोन तुल्यबळ नेते दोन दिशांना ओढत असतील तर सभेत आज एक ठराव, उद्या त्याच्या उलट ठराव, असे होऊन शहर अडकून पडते. अथेन्समध्ये पक्ष नव्हते, सरकार पडत नव्हते, धोरणावर सार्वत्रिक मतदान घेण्याची दुसरी सोय नव्हती. तेव्हा दोघांपैकी एकाला दहा वर्षे बाजूला करणे हाच धोरणाचा निकाल लावण्याचा मार्ग झाला. खापरीवर नाव अरिस्टायडीसचे होते, पण कौल जहाजांना मिळाला होता.

दोनच वर्षांनी पर्शियाचा राजा झेर्क्सेस स्वतः चालून आला तेव्हा अथेन्सने हद्दपार केलेल्यांना परत बोलावले. अरिस्टायडीस आला, झँथिप्पस आला. सॅलॅमिसच्या सामुद्रधुनीत ग्रीक आरमार अडकून पडले असताना अरिस्टायडीस रात्री पर्शियन जहाजांच्या वेढ्यातून निसटून आला, त्याने थेमिस्टोक्लीसला बाहेर बोलावले आणि सांगितले की आपले वैर आता एवढ्यापुरतेच ठेवू की देशाचे भले कोण जास्त करतो. शत्रूने सर्व बाजूंनी घेरले आहे, हे मी डोळ्यांनी पाहून आलो आहे. ज्या जहाजांना विरोध करून तो गेला होता, त्याच जहाजांवर अथेन्स दुसऱ्या दिवशी वाचले. पुढच्या वर्षी प्लॅटियाच्या लढाईत अथेन्सच्या फौजेचे नेतृत्व अरिस्टायडीसकडे होते, तर मिकॅलेच्या लढाईत अथेन्सच्या तुकडीचे झँथिप्पसकडे. बाहेर घालवलेली माणसे अशी परत कामाला येऊ शकली, कारण त्यांना लुटले नव्हते आणि देशद्रोही ठरवले नव्हते.

थेमिस्टोक्लीसच्या नशिबी याचा दुसरा अर्थ आला. सॅलॅमिसच्या विजयानंतर त्याची कीर्ती एवढी झाली की ती त्यालाच पेलवेना. त्याने आपल्या घराजवळ ‘उत्तम सल्ला देणारी आर्टेमिस’ या नावाने देवीचे मंदिर बांधले. उत्तम सल्ला कोणाचा, हे वेगळे सांगायची गरज नव्हती. इ.स.पू. ४७१ च्या सुमारास लोकांनी त्याचेच नाव खापऱ्यांवर लिहिले आणि तो आर्गोसला जाऊन राहिला. इथपर्यंत सारे कायद्यानुसार होते. पण त्यानंतर स्पार्टाने त्याच्यावर पर्शियाशी संधान बांधल्याचा आरोप केला, अथेन्सने तो उचलून धरला आणि त्याला देशद्रोही ठरवून त्याची मालमत्ता जप्त केली. हद्दपारी आणि देशद्रोहाची शिक्षा यांतला फरक त्याच्या पुढच्या आयुष्यात दिसतो. आर्गोसला तो वाट पाहत बसला होता; आरोप येताच तो पळाला. कॉर्सायरा, मग मोलोसियन राजा अ‍ॅडमेटस, ज्याच्या चुलीपाशी तो राजाचे मूल मांडीवर घेऊन शरणागत म्हणून बसला, मग समुद्रमार्गे आशिया, असे करत पर्शियाला हरवणारा हा माणूस पर्शियाच्या दरबारी गेला. वर्षभरात तो त्यांची भाषा शिकला. राजा आर्टाझेर्क्सेसने त्याला भाकरीसाठी मॅग्नेशिया, मद्यासाठी लॅम्प्सॅकस आणि कालवणासाठी मायस अशी तीन शहरे तोडून दिली. एकट्या मॅग्नेशियाचे उत्पन्न वर्षाला ५० टॅलंट होते, असे इतिहासकार थ्युसिडिडीस सांगतो. तो तिथेच वारला. नातेवाइकांनी त्याची हाडे गुपचूप आणून ॲटिकाच्या मातीत पुरली, असेही ते म्हणत. उघडपणे पुरणे शक्य नव्हते, कारण देशद्रोह्याला त्या मातीत जागा नसे.

नंतरच्या दोन मोठ्या हद्दपाऱ्या याच साच्यातल्या आहेत. स्पार्टाशी मैत्री ठेवावी असे मानणारा किमॉन, ज्याने आपल्या मुलाचे नावच लॅकेडेमोनियस, म्हणजे ‘स्पार्टाचा’, असे ठेवले होते, इ.स.पू. ४६२ मध्ये स्पार्टाच्या मदतीला फौज घेऊन गेला आणि स्पार्टाने ती संशयाने परत पाठवली. या अपमानानंतर वर्षभरात तो हद्दपार झाला आणि अथेन्सचे परराष्ट्र धोरण पालटले. दुसरी हद्दपारी मेलेसियासचा मुलगा थ्युसिडिडीस याची. इतिहासकार थ्युसिडिडीस तो वेगळा. मित्रराज्यांकडून संरक्षणासाठी घेतलेला पैसा पेरिक्लीस मंदिरांवर उधळतो आहे, असा त्याचा हल्ला होता, आणि तो आपल्या माणसांना सभेत विखरून न बसवता एकत्र बसवत असे. पेरिक्लीस कसा कुस्तीपटू आहे असे त्याला विचारले असता तो म्हणाला होता की मी त्याला चीत केले तरी तो म्हणतो मी पडलोच नाही, आणि बघणाऱ्यांनाही ते पटवून देतो. इ.स.पू. ४४३ च्या सुमारास त्याला जावे लागले. त्यानंतर पेरिक्लीस सलग वर्षानुवर्षे सेनापती निवडून येत राहिला, पार्थेनॉन हे मंदिर पुरे झाले आणि त्याला तुल्यबळ विरोधक उरला नाही. एकट्या माणसाची सत्ता टाळण्यासाठी केलेल्या कायद्याने इथे एका माणसाची वाट मोकळी केली, हे या प्रथेच्या चाहत्यांनी विसरू नये.

हीच युक्ती सिसिलीतल्या सिराक्यूज शहराने काही काळ चालवली. तिथे खापरीऐवजी ऑलिव्हच्या पानावर नाव लिहीत आणि मुदत पाच वर्षांची असे. परिणाम असा झाला की भीतीने चांगली माणसे सार्वजनिक कामातून अंग काढून घेऊ लागली, आणि शहराने तो कायदा लवकरच रद्द केला.

अथेन्समध्ये हत्यार बोथट झाले ते त्याच्या रचनेतल्या एका फटीमुळे. ही पद्धत दोन पैलवान खरोखर एकमेकांविरुद्ध आहेत, असे गृहीत धरून चालत असे. इ.स.पू. ४१७ ते ४१५ च्या दरम्यान अथेन्समध्ये असे दोघे होते : स्पार्टाशी तह घडवून आणणारा, सावध, श्रीमंत निकियास, आणि पेरिक्लीसच्या घरात वाढलेला, देखणा, युद्धखोर अल्किबायडीस. एका म्यानात या दोन तलवारी राहणार नाहीत हे सर्वांना दिसत होते. हायपरबोलस नावाच्या पुढाऱ्याने, जो दिव्यांच्या धंद्यातून पैसा करून वर आला होता आणि ज्याची नाटककार यथेच्छ टिंगल करीत, हद्दपारीच्या मतदानाचा आग्रह धरला. दोघांपैकी एक गेला की उरलेल्याशी आपण दोन हात करू, असा त्याचा हिशेब. पण निकियास आणि अल्किबायडीस यांनी आतून हातमिळवणी केली, दोघांच्या माणसांनी एकच नाव खापऱ्यांवर कोरले आणि हायपरबोलसच हद्दपार झाला. आधी लोक हसले, मग चिडले. असल्या माणसासाठी ही खापरे निर्माण झाली नव्हती, असे एका विनोदी नाटककाराने लिहिले. इतिहासकार थ्युसिडिडीसही तुच्छतेने नोंदवतो की या माणसाची हद्दपारी त्याच्या सामर्थ्याच्या भीतीने झाली नव्हती. चार-सहा वर्षांनी सामॉस बेटावर उमरावांच्या एका टोळीने हायपरबोलसचा खून केला.

या विनोदाची खरी किंमत अथेन्सने वेगळीच मोजली. कौल न लागल्यामुळे दोन्ही नेते आणि दोन्ही धोरणे शहरात तशीच राहिली. इ.स.पू. ४१५ मध्ये सिसिलीवर स्वारी ठरली तेव्हा ती काढणारा अल्किबायडीस आणि तिला विरोध करणारा निकियास या दोघांनाही त्याच आरमारावर, लॅमॅकस या तिसऱ्यासोबत, सेनापती म्हणून पाठवले गेले. मधेच धर्मनिंदेच्या आरोपावरून अल्किबायडीसला परत बोलावले गेले आणि तो वाटेतून निसटून स्पार्टाला जाऊन मिळाला. निकियास मोहीम रेटत राहिला आणि इ.स.पू. ४१३ मध्ये सैन्यासह पकडला जाऊन सिराक्यूजमध्ये मारला गेला.

यानंतर नेत्यांना आवरण्याचे काम न्यायालयांकडे आणि सभेतल्या खटल्यांकडे गेले. तिथे आरोप ठेवावा लागे, पुरावा द्यावा लागे, आरोपीला बोलता येई. कागदावर हे अधिक न्याय्य होते. पण तिथे शिक्षा दहा वर्षांच्या सक्तीच्या मुक्कामाची नव्हती. इ.स.पू. ४०६ मध्ये आर्गिनुसाईच्या नाविक लढाईत विजय मिळवूनही, वादळात बुडणाऱ्या खलाशांना वाचवले नाही, म्हणून आठ सेनापतींना एकाच मतदानात दोषी ठरवले गेले आणि हाती लागलेल्या सहा जणांना ठार केले गेले. त्यांतल्या एकाचे नाव पेरिक्लीस होते. थोरल्या पेरिक्लीसचा मुलगा, झँथिप्पसचा नातू. आजोबाला याच शहराने खापऱ्यांनी घालवले होते आणि गरज पडताच बोलावून घेऊन त्याच्या हाती सैन्य दिले होते. नातवाला परत बोलावणे शक्य नव्हते. लोकांना त्या निर्णयाचा पश्चात्ताप लवकरच झाला, पण तेवढाच.

खापरी-हद्दपारीचा कायदा रद्द मात्र कोणी केला नाही. ॲरिस्टॉटलच्या परंपरेतला अथेन्सच्या राज्यघटनेवरचा ग्रंथ, जो इजिप्तमध्ये पपायरसवर मिळून १८९१ मध्ये छापला गेला, इ.स.पू. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातल्या कामकाजाचे वर्णन करतो. त्यात सहाव्या भागातल्या सभेच्या कामांच्या यादीत ती ओळ अजून आहे : यंदा हद्दपारीचे मतदान घ्यायचे की नाही, हे लोकांना विचारले जाते. हायपरबोलसला जाऊन तेव्हा ऐंशी वर्षांहून अधिक काळ लोटला होता. प्रश्न दरवर्षी विचारला जाई, आणि खापऱ्या मात्र पुन्हा कोणी उचलल्या नाहीत.